टाइलमागचा स्टड कसा शोधायचा: अमेरिकेतल्या बाथरूममध्ये ग्रॅब बार लावण्याआधी

भारतात भिंतीवर काही लावायचं तर विचारायचा प्रश्न एवढाच असतो: वीट आहे, ब्लॉक आहे की आरसीसी? उत्तर काहीही असलं तरी हॅमर ड्रिल, रावळप्लग आणि स्क्रू एवढ्यावर काम भागतं. अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं की ही सवय मोडावी लागते. इथल्या बहुतेक घरांच्या भिंती आतून पोकळ असतात. ठरावीक अंतरावर उभे केलेले लाकडी दांडे, म्हणजे स्टड, आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ठोकलेले पातळ बोर्ड. वजन पेलायची ताकद स्टडमध्ये. दोन स्टडच्या मधोमध मारलेला स्क्रू जेमतेम अर्ध्या इंचाच्या बोर्डाला धरून राहतो आणि जोराचा हिसका बसला की बोर्डाचा तुकडा घेऊनच बाहेर येतो.

रंगवलेल्या भिंतीत स्टड सापडला नाही तरी फारसं बिघडत नाही. भोक पुट्टीने बुजवा, वरून रंगाचा हात मारा. टाइलच्या भिंतीत ही सवलत नाही. चुकीच्या जागी पडलेलं भोक कायमचं दिसतं, शॉवरमध्ये असेल तर त्यातून पाणी आत झिरपतं, आणि तशीच टाइल मिळण्याची खात्री नसते.

आणि नेमकी या भिंतीवरच घरातली सगळ्यांत जबाबदारीची वस्तू लावायची असते: ग्रॅब बार, म्हणजे आधाराचा दांडा. आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात. आयुष्यभर सपाट बाथरूममध्ये बादली-तांब्याने आंघोळ केलेल्या माणसाला इथे पंधरा-सोळा इंचांचा टबचा काठ ओलांडून ओल्या, गुळगुळीत टबात पाय ठेवायचा असतो. तोल गेला की हाताला येईल ते धरलं जातं: शॉवरचा पडदा, टॉवेलचा दांडा, साबणाचा कोनाडा. यातलं काहीही माणसाचं वजन घेण्यासाठी बनवलेलं नसतं. म्हणून या लेखात उदाहरण ग्रॅब बारचं घेतलं आहे. टाइलवर शेल्फ किंवा जड आरसा लावायचा असेल तरी रीत हीच.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. टाइलवरून स्टड शोधत बसू नका. जिथे टाइल नाही तिथे स्टड शोधा आणि ती जागा मोजून टाइलवर आणा. मग टाइलवर दुसऱ्या एखाद्या पद्धतीने पडताळा. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच जागा दाखवली, तरच ड्रिल हातात घ्या.

आत काय असतं

स्टडला इथे 'टू बाय फोर' म्हणतात, पण प्रत्यक्षात तो दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल असतो. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या वाट्याला येते ती दीड इंचाची कड. शोधायची आहे ती हीच दीड इंचाची उभी पट्टी, आणि शक्यतो तिचा मध्य. पाण्याचे मोठे पाइप असलेल्या भिंतीत कधी साडेपाच इंच खोल स्टड वापरतात, पण दर्शनी रुंदी तीच राहते.

एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर बहुतेक ठिकाणी १६ इंच, काही भिंतींत २४ इंच. इथे मिळणाऱ्या मेजरिंग टेपवर १६, ३२, ४८ हे आकडे बहुधा लाल रंगात किंवा चौकटीत छापलेले असतात, ते याचसाठी. मात्र १६ इंचांचा हिशेब कोपऱ्यात, दाराखिडकीच्या शेजारी, टबच्या टोकाला आणि भिंतीतल्या कोनाड्याजवळ मोडतो. तिथे जादा स्टड घातलेले असतात. आतल्या कोपऱ्यातून १६ इंच मोजून सरळ भोक पाडू नका. मोजणी भिंतीच्या कोणत्या टोकापासून सुरू झाली होती हे बाहेरून कळत नाही, त्यातच शेजारच्या भिंतीच्या बोर्डाची आणि टाइलची जाडी मधे येते.

टाइलपासून आत जाताना थर साधारण असे लागतात: टाइल, दोन ते तीन सूत, म्हणजे पाव इंच किंवा त्याहून थोडी जास्त, तिच्यामागे चिकटवणारा सिमेंटचा मसाला, ज्याला इथे थिनसेट म्हणतात, मग अर्धा इंच सिमेंट बोर्ड, आणि जुन्या किंवा स्वस्तातल्या कामात त्याऐवजी हिरवट ड्रायवॉल, म्हणजे कागदात मढवलेला जिप्समचा बोर्ड, मग स्टड. सगळं मिळून लाकडापर्यंत पोचायला जवळजवळ एक इंच लागतो. हा एक इंच लक्षात ठेवा, स्क्रूची लांबी ठरवताना लागेल.

घर जुनं असेल तर आधी हे पाहा

१९६०च्या आधीच्या कित्येक बाथरूममध्ये टाइल बोर्डावर नसते. लोखंडी जाळी ठोकून तिच्यावर सिमेंटचा जाड थर दिलेला असतो आणि त्यावर टाइल. अशा भिंतीवर लोहचुंबक जवळजवळ सगळीकडे ओढ दाखवतो आणि स्टड शोधणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र काहीही सांगतं. तिथे पलीकडच्या खोलीतून मोजण्याची पद्धतच विश्वासाची.

जुन्या घरात धुळीचाही विचार करा. घरगुती रंगात शिसं वापरायला अमेरिकेत १९७८मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात रंगात शिसं असू शकतं, टाइलच्या चकाकीतही असू शकतं, आणि मागच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. अशा घरात आधी नमुना तपासून घ्या. घरात लहान मूल असेल तर हे टाळूच नका.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. अपंगत्वामुळे गरज असेल, तर वाजवी बदल भाडेकरूच्या खर्चाने करू देणं फेडरल फेअर हाउसिंग कायद्याने घरमालकावर बंधनकारक आहे. ही तरतूद १९८८च्या दुरुस्तीने आली.

सामान

मेजरिंग टेप, चार फुटी लेव्हल किंवा साधा क्रॉस-लाइन लेझर, नियोडिमियमचा छोटा पण ताकदवान लोहचुंबक, मास्किंग टेप, पेन्सिल, इलेक्ट्रॉनिक स्टड फाइंडर असेल तर तोही. लेझर नसेल तर दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. गवंडी भिंत त्याच्यावरच तोलतात, आपलं कामही त्याच्यावर उत्तम होतं. ड्रिल साधं बॅटरीचं चालेल. हॅमर मोड मात्र बंद ठेवा, त्याने टाइल तडकते.

पहिली पायरी: टाइलच्या वरून रेघ खाली आणा

शॉवरमधली टाइल बहुतेक घरांत छतापर्यंत जात नाही. सहा-सात फुटांवर ती संपते आणि वर रंगवलेला ड्रायवॉलचा पट्टा उरतो. काम इथे सुरू करायचं.

त्या पट्ट्यावर लोहचुंबक हळूहळू आडवा सरकवा. ड्रायवॉल स्टडला स्क्रूने किंवा खिळ्याने ठोकलेला असतो. चुंबक त्या डोक्यावर आला की हाताला ओढ जाणवते आणि सोडला तर तिथे चिकटून राहतो. एक सापडला की त्याच्या सरळ वर किंवा खाली दुसरा शोधा. दोन खुणा एका उभ्या रेषेत आल्या तर तो स्टड. नुसता एकच ठिपका मिळाला तर त्याच्यावर विसंबू नका. ड्रायवॉलच्या वरच्या कडेलाही आडव्या लाकडात स्क्रू मारलेले असतात, ते स्टडच्या मधेही येऊ शकतात. म्हणून छतापासून दोन-तीन इंचांच्या आत मिळालेली खूण धरू नका.

याच पट्ट्यावर स्टड फाइंडर चांगला चालतो. उजवीकडून डावीकडे नेऊन एक कड खूण करा, डावीकडून उजवीकडे आणून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर दीड इंचाच्या आसपास यायला हवं. इंचाहून कमी आलं तर तो पाइप असू शकतो. तीन इंच किंवा जास्त आलं तर दोन स्टड जोडून उभे असतील.

आता खात्री. पट्ट्यावर, जिथे नंतर पुट्टी आणि रंगाने बुजवता येईल अशा जागी, बारीक खिळा ठोकून पाहा. ड्रायवॉल ओलांडल्यावर खिळा झटकन आत गेला तर पोकळी, ठोकावं लागलं तर लाकूड. पाव-पाव इंच सरकत दोन्ही कडा शोधा आणि मध्य काढा. ही छोटी भोकं बुजवायला पाच मिनिटं पुरतात. टाइलवर ही मुभा नाही, म्हणून सगळा शोध वरच संपवायचा.

मध्य मिळाला की तिथून लेझरची उभी रेघ टाका किंवा ओळंबा सोडा, आणि जिथे बार लावायचा त्या उंचीवर टाइलवर मास्किंग टेप चिकटवून पेन्सिलीने खूण करा. पेन्सिल थेट टाइलवर टेकवू नका, ग्राउटमध्ये, म्हणजे टाइलांच्या सांध्यातल्या भरावात, डाग बसतो. शेजारच्या स्टडसाठी हेच पुन्हा करा. दोघांमधलं अंतर १६ इंच आलं तर मोजणी बरोबर चालली आहे असं समजा. साडेपंधरा किंवा साडेसोळा आलं तरी घाबरू नका, लाकूड थोडं वाकतं आणि सुतारही माणूसच असतो. बारा किंवा एकोणीस आलं तर मात्र पुन्हा वर जाऊन तपासा.

टाइल छतापर्यंत गेली असेल तर ही पायरी सोडून द्यावी लागते आणि पुढच्या पायरीवरच भिस्त.

दुसरी पायरी: भिंतीच्या पलीकडून

बाथरूमच्या भिंतीमागे बहुधा बेडरूम, क्लॉझेट किंवा पॅसेज असतो. तिथे साधा ड्रायवॉल असतो आणि स्टड तोच असतो. वर सांगितल्याप्रमाणे तिथे स्टड शोधा. खाली बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी, असेल तर त्यावरही नजर टाका. बेसबोर्ड स्टडला ठोकलेला असतो आणि बुजवलेल्या खिळ्यांचे बारीक ठिपके तिरप्या उजेडात दिसतात. टॉर्च भिंतीला लावून आडवा धरला तर आणखी स्पष्ट.

मोजमाप इकडून तिकडे नेताना बहुतेकांची गफलत होते. आडव्या भिंतीपासून मोजलं तर बेडरूमकडे त्या भिंतीवर अर्धा इंच ड्रायवॉल आहे आणि बाथरूमकडे बोर्ड, मसाला, टाइल असा जवळजवळ एक इंच. अर्धा इंच इथेच चुकला. दीड इंचाच्या लक्ष्यात अर्धा इंच म्हणजे मध्यावरून थेट काठाजवळ. म्हणून दोन्ही खोल्यांतून दिसणारा एकच ठाम संदर्भ घ्या: त्याच भिंतीतल्या दाराची चौकट किंवा खिडकी. चौकटीवरची झाकणपट्टी दोन्हीकडे सारखी असेल असं गृहीत धरू नका, चौकटीच्या लाकडाच्या आतल्या कडेपासून मोजा. आणि पलीकडे गेल्यावर डावं-उजवं उलटं होतं. कागदावर चित्र काढून त्यावर आकडे लिहा.

टबच्या नळाच्या मागे, क्लॉझेटमध्ये, कधी एक झाकण असतं. प्लंबरला पाइपापर्यंत पोचता यावं म्हणून ठेवलेलं. ते उघडलं की स्टड आणि पाइप दोन्ही डोळ्यांनी दिसतात. असं झाकण आहे का, हे आधी पाहा. असेल तर बराच अंदाज वाचतो.

भिंतीला स्विच किंवा सॉकेटचा डबा असेल तर तोही साक्षीदार. डबा बहुधा स्टडच्या एका बाजूला ठोकलेला असतो. कोणत्या बाजूला, हे पाहायचं तर पॅनलमधला ब्रेकर बंद करा, टेस्टरने वीज खरोखर गेल्याची खात्री करा, मगच झाकण काढा. डब्याच्या कडेने पाहिलं की कोणत्या बाजूला लाकूड आहे ते कळतं. ब्रेकरवरची चिठ्ठी वाचून समाधान मानू नका. जुन्या घरात चिठ्ठ्या सर्रास चुकीच्या असतात.

तिसरी पायरी: टाइलवर चुंबकाने पडताळणी

आता टाइलवर खुणा आहेत. त्या खऱ्या आहेत का, हे टाइललाच विचारायची वेळ आता आली.

सिमेंट बोर्ड स्टडला स्क्रूने लावतात तेव्हा उभ्या दिशेने साधारण दर ८ इंचांवर एक स्क्रू असतो. त्यांची डोकी टाइल आणि मसाला यांच्या मागे, म्हणजे पृष्ठभागापासून अर्ध्या इंचाच्या आसपास असतात. फ्रिजवर लावतात तो चुंबक इतक्या खोलवर काही सांगत नाही. नियोडिमियमचा चुंबक सांगतो, पण कुजबुजत. त्याला मऊ कापडात गुंडाळा म्हणजे टाइलवर ओरखडा येणार नाही, किंवा दोऱ्याला बांधून टाइलला जेमतेम टेकेल असा लोंबता धरा. हात अगदी सावकाश न्या. स्क्रूच्या समोरून जाताना लोंबता चुंबक किंचित वळतो, टाइलकडे झुकतो, हात पुढे गेला तरी क्षणभर मागे रेंगाळतो. ती जागा टेपवर ठिपक्याने नोंदवा. मग त्याच उभ्या रेषेत वर-खाली जा. आठ-आठ इंचांवर ठिपके मिळत गेले आणि ते तुमच्या ओळंब्याच्या रेषेपासून पाऊण इंचाच्या आत पडले, तर स्टड नक्की.

चुंबकाची मर्यादा नीट समजून घ्या. तो लोखंड ओळखतो. तांब्याचा पाइप ओळखत नाही, पेक्सचा प्लास्टिक पाइप ओळखत नाही, पीव्हीसी ओळखत नाही. चुंबक गप्प राहिला म्हणजे मागे पाणी नाही असा अर्थ होत नाही. उलट एखाद्या जागी तळहाताएवढ्या पट्ट्यात जोराची ओढ लागली, तर तिथे संरक्षक लोखंडी पट्टी असू शकते. स्टडमधून जाणारी वायर किंवा पाइप कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तर तिच्यापुढे अशी पट्टी ठोकावी लागते. ती तिथे असण्याचं कारण एकच, मागे जपण्यासारखं काहीतरी आहे. ती जागा सोडा.

स्टड फाइंडर टाइलवर का गडबडतो

हे यंत्र भिंतीतल्या पदार्थाच्या बदलामुळे होणारा कपॅसिटन्समधला फरक टिपतं. अर्ध्या इंचाच्या एकसारख्या ड्रायवॉलवर तो फरक ठळक असतो. टाइलवर ग्राउटचे खाचे, मसाल्यातल्या हवेच्या जागा, ओलावा, जाडी हे सगळं मिळून इतका गोंधळ करतं की खरा स्टड त्यात हरवतो. वापरायचाच असेल तर टाइलवर पातळ कडक पुठ्ठा धरा आणि त्यावरून यंत्र सरकवा म्हणजे ग्राउटवर अडखळणार नाही, खोलवर पाहण्याचा मोड लावा, आणि शॉवर वापरल्यावर भिंत पूर्ण सुकेपर्यंत थांबा. मिळालेला कौल सहायक पुरावा म्हणून घ्या, त्याहून जास्त नाही. रडारवर चालणारे महाग स्कॅनर टाइलवर बरे चालतात, पण ओल्या भिंतीत आणि मागे धातूची जाळी किंवा फॉइल असेल तर तेही चुकतात.

टिचकी मारून आवाज ऐकण्याबद्दल लोक विचारतात. ड्रायवॉलवर पोकळ-भरीव फरक कानाला कळतो. टाइलवर जो पोकळ आवाज येतो तो बहुधा टाइलखाली मसाला नीट न बसल्याचा असतो. स्टडसाठी मी तो मोजत नाही.

बार स्टडवर कसा बसवायचा

बार जिथे हवा तिथे स्टड असेलच असं नाही, म्हणून लांबी आणि कोन आधी ठरवा. बारच्या दोन टोकांच्या मध्यांमधलं अंतर १६ इंच असेल तर तो शेजारच्या दोन स्टडवर आडवा बसतो. ३२ इंचांचा एक स्टड सोडून पुढच्यावर बसतो. १८ इंचांचा बार १६ इंचांच्या स्टडवर साधारण २७ अंशांच्या तिरक्या कोनात बसतो, २४ इंचांचा जवळजवळ ४८ अंशांत. उभा बार एकाच स्टडवर कोणत्याही लांबीचा बसतो, आणि टबमध्ये पाऊल टाकतानाच्या आधारासाठी काठाजवळचा उभा बारच सगळ्यांत जास्त कामी येतो. खोक्यावर लिहिलेली लांबी मध्यापासून मध्यापर्यंत आहे की टोकापासून टोकापर्यंत, हे दुकानातच पाहून घ्या.

आडव्या बारची उंची किती? अमेरिकेत सार्वजनिक जागांसाठीच्या एडीए, म्हणजे अपंगांविषयीच्या कायद्याच्या, नियमांत तो जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर सांगितला आहे, आणि तो २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोंचा जोर सहन करेल अशी अट आहे. खासगी घराला हा नियम लागू नाही, पण आकडे घेण्यासारखे आहेत. तरीही आईला टबजवळ उभं करून, हात सहज कुठे जातो ते पाहा. आपल्याकडच्या पाच फुटांच्या आतल्या बायकांना ३६ इंच जड जातं. जमत असेल तर त्यांच्या हाताच्या उंचीवरच खूण करा.

बारच्या प्रत्येक टोकाच्या चकतीला बहुधा तीन भोकं असतात. दीड इंचाच्या स्टडमध्ये तिन्ही स्क्रू बसणं कठीण. चकती अशी फिरवा की दोन भोकं स्टडच्या मध्याजवळ, एकाखाली एक येतील.

जागा नक्की करताना पाइपांचा विचार करा. शॉवरच्या नळापासून वर शॉवरहेडपर्यंत पाइप सरळ उभा जातो. त्या पट्ट्यात ड्रिल नको. नळाच्या खाली टबच्या तोटीपर्यंतही तसंच. बेसिनच्या मागे पाइप आडवे धावतात. शक्य असेल तर बार नळाच्या भिंतीऐवजी लांब भिंतीवर किंवा समोरच्या भिंतीवर घ्या. आणि पहिलं भोक पाडण्याआधी घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, तो फिरतो का, हे पाहून ठेवा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो माहीत असायला हवा.

चाचणीचं भोक

पहिलं भोक नेहमी चकतीखाली झाकलं जाईल अशा जागी, आणि बारीक. साधी सिरॅमिक टाइल असेल तर भाल्याच्या टोकासारखा कार्बाइड बिट चालतो. पोर्सेलिन असेल तर तो नुसता फिरत राहतो आणि तापतो, तिथे डायमंड बिटच लागतो. टाइलवर मास्किंग टेप चिकटवा म्हणजे बिट घसरणार नाही. वेग कमी, दाब हलका. पोर्सेलिनवर मधूनमधून स्पंजने पाणी द्या.

टाइल ओलांडली की थांबा, भोक पुसून कोरडं करा, आणि पुढे कोरडंच जा, कारण आता बिटाला लागून काय बाहेर येतं ते वाचायचं आहे. टाइलची पूड तिच्या रंगाची आणि पिठासारखी बारीक असते. मग करडी, खरखरीत पूड येते, तो मसाला आणि सिमेंट बोर्ड. मागे ड्रायवॉल असेल तर खडूसारखी पांढरी. मग बिट किंचित अडतो, आवाज खाली उतरतो, आणि बिटाच्या पिळातून पिवळसर, पातळ, वळलेले कपचे निघतात. ते बोटांत चुरडून पाहा. लाकडाचा कपचा दबतो, पूड होत नाही, आणि पाइनचा वास येतो. हा भुसा पाहिल्याशिवाय मोठं भोक पाडू नका.

बोर्ड ओलांडल्यावर बिट एकदम आत गेला तर स्टड हुकला. तिथेच दुसरं भोक पाडण्याची घाई नको. कपड्याच्या तारेच्या हँगरचा तुकडा शेवटी काटकोनात वाकवा, भोकातून आत सरकवा आणि फिरवा. एका बाजूला तो लाकडाला अडेल. किती अंतरावर अडला ते तारेवर खूण करून बाहेर मोजा. मागे इन्सुलेशन भरलेलं असेल, जसं बाहेरच्या भिंतीत असतं, तर तार नीट फिरणार नाही. तसं झालं तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

बिट मधेच धातूला लागला, किंचाळला, चकचकीत कीस आला, तर त्याच क्षणी थांबा. जोर लावून पुढे जाऊ नका. भोकात ओल दिसली तर मुख्य व्हॉल्व्ह बंद आणि प्लंबरला फोन.

स्क्रू आणि सील

टाइलमधलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं हवं. स्क्रूचे आटे टाइलला घासले तर ती आज ना उद्या तडकते. लाकडात मात्र स्क्रूपेक्षा बारीक पायलट भोक पाडा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, साधे बाथरूममध्ये गंजतात. लांबी अडीच इंच बहुतेक ठिकाणी बरोबर बसते: एक इंच टाइल आणि बोर्डात, दीड इंच लाकडात. लांब म्हणजे मजबूत असं समजून चार इंची स्क्रू लावू नका. स्टडच्या पोटातून वायर गेलेली असू शकते.

चकती बसवण्याआधी प्रत्येक भोकात आणि चकतीच्या मागच्या कडेभोवती सिलिकॉन भरा. शॉवरमध्ये ही पायरी स्टड सापडण्याइतकीच महत्त्वाची आहे. सील नसेल तर पाणी भोकातून त्याच स्टडमध्ये उतरतं, आणि तो आतून कुजल्यावर बार बाहेरून जसाच्या तसा दिसत राहतो. चकतीच्या खालच्या कडेला थोडी जागा सिलिकॉनशिवाय सोडा म्हणजे मागे गेलेलं पाणी बाहेर पडेल. डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण द्या. मग दोन्ही हातांनी बार धरून, पाय जमिनीवर ठेवून, सगळं वजन मागे टाका. बार हलायला नको, चकती आणि टाइल यांच्यामध्ये फट दिसायला नको, करकर आवाज यायला नको. यातलं काहीही झालं तर बार काढा. आईवडिलांना तो धरू देऊ नका.

हव्या त्या जागी स्टड मिळालाच नाही, तर साध्या ड्रायवॉल अँकरवर ग्रॅब बार कधीच लावू नका. ग्रॅब बारसाठीच बनवलेले, वजनाचा आकडा छापलेले पोकळ भिंतीचे अँकर मिळतात. तुमच्या भिंतीच्या प्रकाराला ते चालतात असं उत्पादकाने लिहिलं असेल तरच घ्या. रबरी कपाने चिकटणारे बार टाइलवर सहज बसतात आणि तितक्याच सहज सुटतात. वजन टाकण्यासाठी ते नाहीत.

उंच इमारतीतल्या काँडोत, म्हणजे मालकीच्या फ्लॅटमध्ये, स्टड बहुधा पत्र्याचे असतात. चुंबक एका उभ्या रेषेत ठिपक्यांऐवजी सलग ओढ दाखवू लागला तर तसं समजा. पातळ पत्र्यात लाकडाचा स्क्रू धरत नाही, तिथे टॉगल बोल्ट लागतात, आणि असोसिएशनची परवानगीही. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने माहितगाराला बोलावून करून घ्यावं.

स्वयंपाकघरात

ओट्यामागच्या टाइलवर मसाल्याचं शेल्फ लावायचं असेल तर काम बरंच सोपं आहे. वरची कपाटं स्टडलाच स्क्रूने लावलेली असतात. कपाट उघडा, आत मागच्या फळीवर वरच्या आणि खालच्या बाजूला मोठ्या डोक्यांचे स्क्रू दिसतील. त्यांच्या खाली ओळंबा सोडा. टाइलवर चुंबकाने पडताळा. सॉकेटच्या सरळ वर आणि खाली मात्र ड्रिल नको, वायर तिथूनच जाते.

आणि कधी बाथरूम उघडून नवीन करणार असाल, तर टाइल लागण्याआधी कंत्राटदाराला सांगून ३३ ते ३६ इंचांच्या उंचीभोवती दोन स्टडमध्ये आडव्या लाकडी फळ्या ठोकून घ्या. नंतर बार कुठेही लावता येतो. भिंत बंद होण्याआधी जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप ताणून धरा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, आकडे वाचता येतील इतक्या जवळून.